पाच दशांश स्थळं

रघूला मारायला चौघं आले ते भरदुपारी, आणि आल्या आल्या त्यांनी रघूकडे बघितलंसुद्धा नाही. आधी विहीर बघितली. एकाच्या हातात मोबाइल होता. तो मोबाइलकडे बघत बघत बांधावरून आला, मुळ्याचे दोन वाफे तुडवले, विहिरीच्या कठड्याशी थांबला आणि बाकीच्यांना बोलला, "हीच. सतरा नंबर." मग मागच्याने गोणपाटातून चाक खोलायचा पाना बाहेर काढला.

हे सगळं रघूची बायको विठा सांगत होती. सरकारी हॉस्पिटलचा व्हरांडा, गुरुवारची सकाळ, मारहाणीला अजून एक दिवसही झाला नव्हता. विठाचा डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि पदरावर नवऱ्याचं रक्त वाळून कडक झालं होतं. ऐकायला समोर बसली होती पद्मजा दामले, मुंबईतल्या एका विद्यापीठातली प्राध्यापक, जिला विठा गेली दोन वर्षं ताई म्हणत आली होती.

"ह्यांचा उजवा हात कठड्यावर धरला नि पान्यान ठेचला," विठा बोलली. "एकेक बोट. चटनी वाटतात ना, तसा. मी मधी गेले तं माज्या तोंडावर बुक्की मारली. मंग निला कॅन आनला नि इहिरीत ओतला. पान्यातशी वाफ आली वर, ताई. इतकी वरसं पितो त्या पान्यातशी वाफ."

पद्मजाने तिचा हात धरून ठेवला होता. आत रघू गुंगीत होता. डॉक्टरांनी दोन बोटं काढून टाकली होती आणि तिसऱ्याचं उद्या बघू म्हणाले होते. भाजी काढणाऱ्या, जुड्या बांधणाऱ्या माणसाचा उजवा हात. माझ्यासारख्या सांगणाऱ्याचीही जीभ अडखळते, तर विठाचं काय झालं असेल.

"येक सांगा ताई," विठाने विचारलं. "सतरा नंबर म्हंजी काय? आमच्या घराचा पंचायतीचा नंबर चारशे बारा हाये. सतरा कुटून आनला त्या मुडद्यांनी?"

पद्मजाने विठाचा हात सोडला. कारण रघूच्या घराला सतरा हा नंबर अख्ख्या जगात एकाच ठिकाणी होता, आणि तो तिथे तिने स्वतःच्या हाताने टाकला होता.

आता ही पद्मजा कोण आणि हा नंबर काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. बदलापूरची मुलगी. वडील मधू दामले अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात छत्तीस वर्षं ऑफिसर. पोरगी हुशार, पण विषय असा निवडला की लग्नकार्यात कुणी विचारलं तर वडिलांना धड सांगता येऊ नये. निसर्गातल्या वस्तूंचं आणि हवामानाचं अर्थशास्त्र. पाणी, जंगल, हवा यांची नासाडी होते तेव्हा कमाई कुणाच्या खिशात जाते आणि भुर्दंड कुणाच्या डोक्यावर पडतो, हे मोजायचं शास्त्र. वडील आपले "इकॉनॉमिक्स शिकवते" म्हणून मोकळे व्हायचे. पीएचडी झाली भूजलावर. मग नऊ वर्षं तासिकेवर शिकवणं, दर जूनला नवा करार, दर मार्चला घरी. तिच्या मागून आलेले वशिल्याचे तट्टू कायम झाले आणि ही त्यांच्या पेपरांतल्या चुका काढत बसली. चाळिशीला दोन वर्षं राहिली असताना एकदाची नोकरी लागली. आता त्यापुढची पायरी होती, असोसिएट प्रोफेसर. मुलाखत होती शनिवारी. या शनिवारी.

आणि ती पायरी ती चढणार होती सावरपाड्याच्या जोरावर. सावरपाडा म्हणजे चिखलोलीच्या नव्या टॉवरांच्या पाठीमागे, नाल्याच्या काठाने उरलेली भाजीवाल्यांची वस्ती. मुळा, पालक, माठ पिकवायचा आणि पहाटे उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात नेऊन टाकायचा. कारखान्यांचं वापरलेलं आम्ल, रंगाचं पाणी टँकरने शुद्धीकरणाला न्यायचं असतं. पण तिकडे पैसे मोजावे लागतात, नाल्याला कोण मोजतं? टँकर यायचे, नाल्यात पाइप सोडायचे, रिकामे होऊन जायचे. पद्मजाने पाड्यातली एकेचाळीस घरं धरली. प्रत्येक घराला एक वही दिली. वास कधी आला, पाण्याचा रंग काय, भाजी किती जळली, म्हैस आजारी पडली का. सगळ्यांत चोख वही विठाची. आठवीपर्यंत शिकलेली बाई, पण टँकरच्या नंबरातले शेवटचे चार आकडेसुद्धा टिपून ठेवायची. "नाव येनार नाय ना, ताई?" हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पद्मजा म्हणाली होती, माझ्या गळ्याची शपथ.

नाव आलं नाहीच. तिथे तिने शब्द पाळला. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकाने पेपर घेतला आणि त्यांच्या रीतीप्रमाणे आकड्यांची मूळ फाइल सगळ्यांसाठी खुली ठेवायला सांगितली. रीत चांगली आहे, नाहीतर कुणीही घरी बसून आकडे रचेल. पद्मजाने नावं खोडली, फोन खोडले, वयं गोल केली, घरांना एक ते एकेचाळीस नंबर दिले. नैतिकता समितीचा अकरा पानी फॉर्म भरला. फक्त एक रकाना राहिला. विहिरीची जागा. नाल्यापासून विहीर जितकी जवळ तितकं नुकसान जास्त, हाच तर तिच्या पेपरचा जीव. म्हणून प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश तिने उन्हात उभं राहून स्वतः घेतले होते, पाच दशांश स्थळांपर्यंत. पाच दशांश स्थळं म्हणजे जमिनीवर एक मीटर. तिच्या लेखी माणूस म्हणजे नाव, आणि विहीर म्हणजे अंतर. अंतराला कोण ओळखणार? शिकलेल्या माणसाचा गाढवपणा हा असा असतो, त्याला दाखला जोडलेला असतो.

तर ती व्हरांड्यात बसून होती आणि विठा तिच्या तोंडाकडे बघत होती.

"माहीत नाही गं," पद्मजा म्हणाली. एवढंच म्हणाली. मग चहा आणते सांगून उठली.

ती फाटकाशी पोचली तोच फोन वाजला. नऊ चाळीस झाले होते. फोन सुजितचा होता. दोन वर्षांपूर्वीचा तिचा एमएचा विद्यार्थी, उल्हासनगरचा, वडिलांचं जीन्स शिवायचं दुकान. फाइलीतल्या जागा नकाशावर कशा मांडायच्या, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. त्या वर्गात पहिल्यांदा जमलं ते त्यालाच.

"मॅडम, मॅप मी काढला," तो बोलला. नमस्कार नाही, काही नाही.

"कुठला मॅप?"

"तुमच्या फाइलवरून. मी सनी शेठकडे पेपरवर्क बघतो ना आता. शेठ बोलला, वरनं नोटीस आलीय, कुणीतरी टँकरचे नंबर लिहून देतंय, कोण ते काढ. तुमचा पेपर मला माहीत होता, टँकरचे नंबर फक्त सतराच्या नोंदीत होते. मी फक्त दाखवलं, मॅडम. शेठ बोलला थोडे पैसे देऊ, मॅटर क्लोज करू. मला काय माहीत, ये लोग हाथ तोडेंगे करके."

सनी शेठ या पट्ट्यातलाच. बापाची जमीन बिल्डरला विकून त्याने टँकर घेतले होते आणि त्या टँकरांवर तीन मजली बंगला बांधला होता. पद्मजाने त्याला एकदाच पाहिलं होतं, पाड्याच्या सप्त्यात, पंगतीला वाढताना.

"नालायका," पद्मजा म्हणाली. "त्याची दोन बोटं कापली रे."

"माझं नंतर बघा, मॅडम. मारा मला. पण आधी ऐका. शेठने आज सकाळी तेवीस नंबर विचारला. ज्याने वर तक्रार केली तो. तुमच्या फाइलमध्ये 'तक्रार केली का' त्याला एकाच घराचं 'होय' आहे. मी नाय सांगितलं, पण मॅप त्याच्याकडेच आहे, तो बघेलच. तुम्ही त्या माणसाला काढा तिथनं. आणि पोलिसात चला, मी येतो. आज चला. उद्या माझी हिंमत राहील का, माहीत नाय."

पद्मजा म्हणाली, "मी करते तुला फोन."

तेवीस नंबर म्हणजे भगवंत. अडुसष्ट वर्षांचा, बायको वारलेली, मुलगी बदलापूरला दिलेली, त्याची म्हैस नाल्याचं पाणी पिऊन तोंडाला फेस येऊन मेली होती. त्याने स्वतः उभं राहून प्रदूषण मंडळाला पाठवायची तक्रार लिहून घेतली होती आणि खाली सही ठोकली होती. पद्मजा सर्वेला गेली की हा माणूस तिला खाटेवर बसवायचा आणि स्वतः जमिनीवर बसायचा.

तिने भगवंतला फोन लावला. लावला, हे खरं आहे, तिच्या बाजूने जे थोडंफार सांगता येईल त्यातलं हे एक.

"काका, काही दिवस मुलीकडे जाऊन राहा."

"कशाला गं पोरी?"

"रघूला मारलं ना. वातावरण बरं नाही."

"रघूचा नि सनीचा बांधावरनं जुना भांडान हाये," भगवंत बोलला. "त्यात माजा काय? पालक काढनीला आलाय, तो कोन काढील, सनीचा बाप?"

इथे तिने सांगायला हवं होतं. काका, बांधाचं नाही, माझ्या फाइलीचं आहे, आणि पुढचा नंबर तुमचा आहे. एवढं एक वाक्य. त्या वाक्यानंतर पाड्यात बोंब उठली असती, तासाभरात एकेचाळीस घरांना कळलं असतं, संध्याकाळी विद्यापीठाला, आणि शनिवारी मुलाखतीऐवजी चौकशी झाली असती. नऊ वर्षं तासिकेवर घासलेली बाई. वाक्य ओठांवर आलं आणि तिने गिळलं.

"तरी सांभाळून राहा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग स्वतःशी म्हणाली, सांगितलं मी, आणि चहा घेऊन विठाशेजारी जाऊन बसली.

संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं. मधू दामले सरळ माणूस, आयुष्यात कुणाचा पै खाल्ला नाही. कारखान्यातून टँकर बाहेर पडायचे तेव्हा गेटपासवर सही त्यांची असायची. गेटच्या पुढे टँकर कुठे जातो ते त्यांच्या खात्यात येत नव्हतं, म्हणून त्यांनी छत्तीस वर्षांत कधी विचारलं नाही.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "त्यांना ज्याला धडा शिकवायचा होता, त्याला शिकवला. आता लगेच परत येण्याइतके मूर्ख नसतात ते लोक. सोमवारी सकाळी मी स्वतः येतो तुझ्याबरोबर पोलिसात. तोपर्यंत तोंड बंद ठेव, पद्मे."

तिला हेच ऐकायचं होतं. शुक्रवारी सुजितचा फोन तीनदा आला, तिने घेतला नाही. शुक्रवारी रात्रीपासून त्याचा फोन बंद झाला तो झालाच.

शनिवारी अकरा वाजता ती नेव्ही ब्लू साडी नेसून समितीपुढे बसली. पाच जण. मधल्या बाईंनी पेपर चाळत विचारलं, "हा घरोघरचा डेटा विश्वासार्ह आहे हे कशावरून मानायचं?"

"प्रत्येक विहिरीची जागा मी स्वतः नोंदवली आहे," पद्मजा म्हणाली. "पाच दशांश स्थळांपर्यंत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका सरांनी विचारलं, असं पाणी सोडणाऱ्यांना आळा कसा घालणार? ती घडाघडा बोलली. पकडलं जाण्याची भीती वाढवा, शिक्षा वाढवा, गुन्हेगारही फायद्या-तोट्याचाच विचार करतो. सर हसून म्हणाले, फारच छान मांडलंत.

त्याच वेळी सावरपाड्यात पाच जण भगवंतच्या मळ्यात शिरले. भगवंत पालक काढत होता, हातात विळा होता. रघूसारखा तो सापडला नाही. पहिला हात त्याने टाकला आणि पुढच्याचं मनगट हाडापर्यंत उघडं केलं. शेजारच्या मळ्यातल्या काशीने हे बघितलं, तिने नंतर पोलिसांना सांगितलं. म्हातारा शिव्या देत होता, त्यांच्या आयांचा, बापांचा उद्धार करत होता, आणि विळा फिरवत होता. मग मागून डोक्यात गज बसला. तो गुडघ्यांवर आला, तरी विळा सोडेना. दुसरा गज तोंडावर बसला, तिसरा पाठीवर, आणि मग मोजायला काही राहिलं नाही. काशी ओरडत धावली तेव्हा ते त्याला पाय धरून ओढत नेत होते. त्याच्याच विहिरीत त्याला डोक्याकडून सोडला. वर काढायला माणसांना तीन तास लागले, कारण त्या पाण्यात उतरल्यावर अंगाची आग व्हायची.

पद्मजा हॉलमधून बाहेर आली तेव्हा फोनवर विठाचे सात मिस्ड कॉल होते.

ती टॅक्सीने पाड्यात पोचली तेव्हा चार वाजले होते आणि पाडा पेटला होता. कुणीतरी सनी शेठचा टँकर रस्त्यात अडवला होता. ड्रायव्हरला ओढून खाली घेतला होता, पंचविशीतला पोरगा, नोकरीला लागून महिना झालेला. तो हात जोडून "मेरेको कुछ नहीं पता, माँ कसम" म्हणत होता आणि लोक मारत होते. लाथा, काठ्या, फावड्याचा दांडा. गावच्या सप्त्यात टाळ वाजवणारी माणसं, कॅम्प दोनमध्ये गिऱ्हाइकाला मुळ्याची जुडी वर देणारी माणसं. विठा त्यांच्यात होती. तिने दोन्ही हातांनी दगड उचलला आणि त्या पोराच्या तोंडावर घातला. त्याच्या डोळ्यातून जे बाहेर आलं ते पद्मजाने बघितलं.

"विठा, सोड त्याला, त्याने काही केलं नाही," पद्मजा मध्ये घुसली. कुणाचं तरी कोपर तिच्या गळ्यावर बसलं, साडीचा पदर फाटला, ती चिखलात पडली. तेवढ्यात टँकरला आग लागली. पिवळा धूर उठला, लोक खोकत, डोळे चोळत पांगले, म्हणून तो पोरगा वाचला. एक डोळा गेला, पण वाचला. वाईटातलं वाईट सांगू का? आपण त्याला मारलं, याचा कुणाला पश्चात्ताप झाला नाही. म्हाताऱ्याचं प्रेत अजून बाजेवर होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर फडकं टाकलं होतं, कारण चेहरा राहिलाच नव्हता.

विठाने पद्मजाला उठवलं आणि तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

"तुमी आल्या ताई," ती म्हणत राहिली. "आमचा दुसरा कोन हाये. तुमी आल्या."

पद्मजाच्या पर्समध्ये फोन वाजला. विद्यापीठातला कारकून होता. ऑफिशियल पत्र सोमवारी निघेल, पण आतली बातमी म्हणून सांगतो मॅडम, अभिनंदन, पेढे पाहिजेत. पद्मजाने फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

त्या रात्री तिने ती खुली फाइल इंटरनेटवरून काढून टाकली. बैल गेला नि झोपा केला. रविवारी भगवंतला अग्नी दिला. मुलगी बदलापूरहून आली होती, तिने सरणाजवळ पद्मजाला विचारलं, बाबांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का, म्हणजे कुणाची भीती वगैरे? पद्मजा म्हणाली, नाही.

सोमवारी विठाच तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. वडील बरोबर यायला निघाले होते, पद्मजाने त्यांना घरीच ठेवलं. तपास राजसी नावाच्या इन्स्पेक्टर बाईंकडे होता. तिशीतली, डोळ्यांत झोप नसलेली बाई, समोर फायलींचा ढीग. विठा आणि पद्मजा टेबलासमोरच्या बाकावर बसल्या.

"स्पष्टच सांगते," राजसी बोलल्या. "पोरं सापडलीत. पाचही. ती बोलतात, खुन्नस आमचीच होती, शेठचा काय संबंध नाही. शेठ बुधवारी आणि शनिवारी नाशिकला लग्नांना होता, दोनशे लोकांचे फोटो आहेत. ती पोरं जातील आत, शेठ त्यांच्या घरी महिन्याला पैसे पोचवेल, आणि वर्षभरात दुसरी पोरं येतील. मला शेठला जोडणारा एक धागा पाहिजे. त्याच्याकडचा तो सुजित गायब आहे."

"ताई सांगतील," विठा बोलली. "ताई शिकल्याल्या हायेत. दोन वरसं समदं लिव्हलंय त्यांनी."

राजसींनी पद्मजाकडे बघितलं. "तुमच्या वहीत शेठविरुद्ध थेट काही आहे?"

नव्हतं. वह्यांत टँकर होते, वेळ होती, रंग होता. शेठला या दोन विहिरींशी जोडणारी गोष्ट एकच होती, सुजितचा फोन. शेठने नकाशा मागितला, शेठने तेवीस नंबर विचारला, हे सांगणारा दुसरा कुणी नव्हता. सुजित मिळाला तरी बोलेल की नाही, देव जाणे. आणि तो फोन गुरुवारी सकाळी आला होता.

रविवारी आला म्हणता आलं नसतं. फोन कंपनीकडे तारीख होती. फोनच आला नाही म्हटलं तर मात्र कुणी विचारणार नव्हतं. पद्मजाच्या पर्समध्ये तिच्या नेमणुकीचं पत्र होतं, सकाळीच मेलवर आलेलं, तिने प्रिंट का काढली ते तिलाही सांगता आलं नसतं. खुर्चीवर बसून आयुष्यभर या नाल्यावर पेपर लिहिता आले असते. कदाचित त्यांतून चांगलंही काही झालं असतं, असंही मनात येऊन गेलं. माणूस स्वतःला काय काय समजावतो, लाज नावाची चीज असते की नाही?

"आहे," पद्मजा म्हणाली. "सनी शेठने सुजितकडून नकाशा काढून घेतला. कुठल्या घरातून नोंदी जातात त्याचा. तो माझ्या फाइलीवरून काढला. जागा मीच फाइलीत ठेवल्या होत्या."

राजसी लिहायला लागल्या. विठाला अजून नीट उमगलं नव्हतं, ती दोघींच्या तोंडांकडे बघत होती.

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"सुजितने फोन करून सांगितलं. शेठने पुढचं घर कुठलं विचारलं, तेही सांगितलं."

"पुढचं घर म्हणजे?"

"भगवंत काकांचं."

"आणि हा फोन कधी आला?"

"गुरुवारी," पद्मजा म्हणाली. "सकाळी नऊ चाळीसला."

राजसींनी मान वर केली. त्या काही बोलायच्या आत विठा उठली होती. तिने पद्मजाचे केस धरले, तिला बाकावरून खाली ओढलं आणि तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. मग खाली पाडून छातीवर बसली आणि थोबाडीत मारत राहिली, तळहाताने, मुठीने, जसं जमेल तसं. "बेस्तरवारी," ती ओरडत होती. "बेस्तरवारी म्हाईत व्हता तुला. म्हाताऱ्याला सनवारी मारला. तू माज्या बाजूला बसून चा पिलीस." दोन महिला पोलिसांना तिला काढायला जोर लावावा लागला. पद्मजाने हात वर केला नाही. खालचा ओठ फाटला होता, एक दात हलत होता, भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं.

कुणीतरी पाणी आणलं. राजसी म्हणाल्या, "यांच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे?"

"नाही."

"हॉस्पिटलला पाठवते. जबाब उद्या घेऊ."

"आत्ताच घ्या," पद्मजा म्हणाली. उद्याची तिला स्वतःचीच खात्री नव्हती.

खोलीत बाक एकच होता. विठा धापा टाकत त्याच्यावरच येऊन बसली, पद्मजा दुसऱ्या टोकाला. राजसींनी नवा कागद घेतला. सुजित काय बोलला, शब्दाला शब्द, ते उतरवून घेतलं. शेठचं नाव कितीदा घेतलं, ते विचारलं. पद्मजाने सगळं सांगितलं, भगवंतला केलेला फोनही सांगितला, तो बांधाचं भांडण समजला आणि तिने समजू दिलं तेही.

"मग गुरुवारपासून शनिवारपर्यंत तुम्ही आमच्याकडे का आला नाहीत?" राजसींनी विचारलं. "कुणी धमकी दिली होती?"

हो म्हणायची वाट राजसींनीच दाखवली होती. धमकी दिली होती म्हटलं असतं तर कुणालाही पटलं असतं, कदाचित विठालासुद्धा.

"नाही," पद्मजा म्हणाली. "शनिवारी माझी मुलाखत होती."

राजसींचं पेन थांबलं. "असंच लिहू?"

"असंच लिहा."

विठा या वेळी उठली नाही. तिने पदर आवरून घेतला आणि बाकावर जेवढं सरकता येत होतं तेवढी बाजूला सरकून बसली.